एकट्याने शिकायची फिरकी

टेबल टेनिसमधला जवळजवळ प्रत्येक फटका समोरून आलेल्या चेंडूला दिलेले उत्तर असतो. सर्व्हिस तेवढी वेगळी. चेंडू आपल्याच तळहातावर, वेळ आपली आणि समोर कोणी नसले तरी सराव अडत नाही. पिंपळगाव बसवंतमध्ये खेळू पाहणाऱ्यासाठी ही शेवटची गोष्ट फार कामाची. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की निम्मे सोबती बागेत, टोमॅटोचा हंगाम तापला की उरलेले बाजार समितीच्या आवारात. नाशिक आग्रा रोडने तीसेक किलोमीटर. आठवड्यातून एखादी फेरी होईल, रोजची नाही. शाळेच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या मंडळाच्या खोलीत एक टेबल मिळाले, तर तेवढ्यावर लूप आणि ब्लॉक हे फटके धड शिकून होत नाहीत. सर्व्हिस मात्र पूर्ण शिकता येते.

आणि ती शिकण्यासारखी का, ते गुणफलकच सांगतो. 2001 पासून गेम 21 ऐवजी 11 गुणांचा झाला आणि सर्व्हिस दर दोन गुणांनी बदलू लागली. म्हणजे निम्मे गुण आपल्या सर्व्हिसने सुरू होतात, आणि गेम इतका छोटा की सुरुवातीला फुकट गेलेले तीन-चार गुण भरून काढायला पुढे जागाच राहत नाही.

नाशिक जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. तनिषा कोटेचा आणि सायली वाणी या नाशिकच्या दोघी खेळाडू कनिष्ठ गटांत भारताकडून खेळल्या आहेत. जिल्ह्यात एखादी मानांकन स्पर्धा लागली, तर शिकणाऱ्याने एक दिवस मोडून ती पाहावी; पण गुण कोणाला मिळाला हे न पाहता एक अख्खा गेम फक्त सर्व्हिस पाहावी. टेबलाच्या बाजूला न बसता सर्व्हिस घेणाऱ्याच्या मागच्या अंगाला जागा धरावी. बॅट चेंडूला कुठे लागते, ते तिथूनच दिसते.

फिरकीचा धाक या खेळात किती जुना, याचा एक पुरावा नियमपुस्तकातच आहे. चेंडू उघड्या, सपाट तळहातावर स्थिर ठेवूनच वर टाकायचा, हा नियम काही शिष्टाचारातून आलेला नाही. 1930 च्या दशकात अमेरिकेचे काही खेळाडू चेंडू बोटांनी पिळून सोडत आणि वर बॅट मारत. समोरच्याला चेंडू परत करणेच कठीण होई, म्हणून बोटांची फिरकी बंद झाली. पुढे 1952 मध्ये जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आशियात, म्हणजे आपल्या मुंबईत भरली. तिथे जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरले आणि एकेरीचे विजेते झाले. चेंडू बॅटला लागल्याचा आवाजच येत नव्हता, आणि आवाजावर अंदाज बांधायची सवय असलेले प्रतिस्पर्धी गोंधळून गेले. 1959 मध्ये बॅटच्या आवरणाची जाडी नियमात बांधली गेली. एका बाजूच्या रबराची जाडी स्पंज धरून 4 मिलिमीटरपर्यंत, ती मर्यादा आजही आहे.

आज शिकणाऱ्याच्या हातात असते ती बॅट याच स्पंज-रबराची, आणि फिरकीचा पहिला प्रश्न तिथेच येतो. खेळाच्या दुकानातली सगळ्यांत स्वस्त तयार बॅट असेल, तर रबर बहुतेक वेळा इतके निसरडे असते की हात कितीही चांगला फिरवला तरी चेंडू फिरत नाही. परीक्षा सोपी आहे. चेंडू रबरावर तळहाताने हलका दाबून पुढे ढकलावा. तो घरंगळला तर रबर पकडते आहे. घसरला तर नाही. पकड असलेले रबरही पिंपळगावच्या धुळीत फार दिवस टिकत नाही. कांदा आणि द्राक्षाच्या गाड्यांचा रस्ता हॉलच्या जवळ असेल, तर तासाभराच्या खेळात रबरावर पांढुरका थर दिसतो. खेळून झाल्यावर साध्या पाण्याने ओला केलेला मऊ स्पंज फिरवावा, रबर सावलीत वाळू द्यावे आणि वर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवून ठेवावा. शर्टाला बॅट पुसायची सवय मोडावी. पावसाळ्यात उलट अडचण: दमट हवेत रबरावर ओल धरते आणि चेंडू सटकतो. तेव्हा दर काही सर्व्हिसनंतर कोरड्या फडक्याने पुसणे हाच उपाय.

टेबलाकडे जाण्याआधी घरातली फरशी वापरावी. पहिले आठ-दहा दिवस टेबल लागतच नाही.

उभे राहून चेंडू वर टाकावा. बॅटची पाती जवळजवळ आडवी, रबर आकाशाकडे. चेंडू कमरेच्या खाली येईपर्यंत थांबावे आणि मग त्याच्या पोटाखालून बॅट पुढे सरकवावी, इतकी हलकी की चेंडू बॅटवर बसल्यासारखा न वाटता घासून गेल्यासारखा वाटला पाहिजे. पहिले काही चेंडू सरळ पुढे उडी मारत जातील. ‘टक्’ असा लाकडापर्यंत पोहोचलेला आवाज येईल. याचा अर्थ हाताची सगळी ताकद चेंडू ढकलण्यात गेली, फिरवण्यात काहीच नाही. मग एखादा चेंडू असा निघतो की आवाज जवळजवळ येतच नाही, तो दीड-दोन मीटर पुढे पडतो, क्षणभर जागच्या जागी घुटमळतो आणि उलटा पायांकडे परत येऊ लागतो. हीच बॅकस्पिन. ज्याला आपल्याकडे खेळाडू ‘कट’ म्हणतात ती. दहापैकी सात-आठ चेंडू परत येईपर्यंत टेबलाची घाई करू नये. लहान मुलांना हा प्रकार खेळासारखा वाटतो, आणि ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. मोठ्यांचा हात जोर लावल्याशिवाय राहत नाही.

स्केचपेनने चेंडूचा अर्धा भाग रंगवून घ्यावा. चेंडू फिरला की दोन रंगांचा पट्टा दिसतो आणि तो कोणत्या दिशेने फिरतो आहे हे डोळ्यांना कळते. बॅकस्पिन टाकायची होती आणि पट्टा तिरका दिसला, तर बॅट खालून सरळ न जाता कडेने गेली. नुसत्या अंदाजाने हे कळायला महिने जातात.

आता टेबल. टेबलाची लांबी 2.74 मीटर, नेटची उंची 15.25 सेंटिमीटर. चेंडू तळहातावरून सुटल्यावर किमान 16 सेंटिमीटर, जवळपास सरळ वर गेला पाहिजे, म्हणजे नेटपेक्षा किंचित जास्त. मोजायला दुसरे काही नको, नेटकडे एकदा पाहिले की पुरे. चेंडू खाली येत असतानाच मारायचा, टेबलाच्या पातळीच्या वर आणि मागच्या रेषेच्या बाहेर. चेंडू सोडल्याबरोबर मोकळा हात आणि दंड नेट आणि चेंडू यांच्या मधल्या जागेतून बाजूला घ्यायचा. 2002 पासून चेंडू अंगाआड किंवा कपड्याआड लपवायला बंदी आहे. बॅट कशी फिरवता यावर मात्र बंधन नाही. नियमातल्या सर्व्हिसची सवय पहिल्याच दिवशी लावावी. शाळेच्या पातळीवर पंच दुर्लक्ष करतात, आणि मग मुलगा जिल्हा स्पर्धेत गेला की त्याची सगळ्यांत भरवशाची सर्व्हिसच बाद ठरते. हे मोठ्यांच्याही बाबतीत घडते. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात चीनच्या डिंग निंगला सर्व्हिसच्या चुकीपायी गुण गमवावे लागले होते. मोबाइल खुर्चीवर टेकवून बाजूने चित्रण केले, तर आपला चेंडू खरोखर वर जातो की हातातूनच मारला जातो, ते पाच मिनिटांत कळते.

टेबलावर सुरुवात बॅकहॅण्डने केली तरी चालते. अंग आड येत नाही, चेंडू समोर दिसतो. पण पुढे ज्या सर्व्हिसवर बहुतेक खेळाडू येतात ती फोरहॅण्डची पेंड्युलम. उजव्या हाताने खेळणाऱ्याने टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, डावा पाय पुढे, अंग आडवे करून उभे राहावे. बॅटची नेहमीची पकड इथे सैल करायची: अंगठा आणि तर्जनी यांत पाती धरायची, बाकीची तीन बोटे मुठीवरून सोडायची. ती सोडली नाहीत तर मनगट मोकळे होत नाही, आणि मनगट मोकळे नसेल तर या सर्व्हिसमध्ये काही उरत नाही. कोपर फारसे हलत नाही. त्याच्या खालचा हात उजवीकडून डावीकडे झोका घेतो आणि चेंडूपाशी येताच थबकतो; हात थबकल्यामुळे मनगट पुढे सुटते. नवशिक्यांचा हात थबकत नाही. खांद्यापासून सगळा दंड फिरतो, अंग फिरते, आणि चेंडू मात्र ढकलला जातो.

बॅटचा कोणता भाग लागतो, याकडे फार कमी जण लक्ष देतात. मूठ धरलेल्या जागेपासून जितके दूर, तितकी पाती जास्त वेगाने फिरते. म्हणून पातीच्या टोकाकडच्या निम्म्या भागावर चेंडू घासला तर जास्त फिरकी, मुठीजवळच्या भागावर लागला तर कमी. चेंडूही टेबलाच्या जितक्या जवळ, जवळपास नेटच्या उंचीवर येऊ दिला, तितका तो खालून जातो. छातीच्या उंचीवर घासलेला चेंडू कितीही फिरत असला तरी उंच उसळतो आणि समोरचा तो फोडून काढतो.

एकट्याने सराव करण्याचा एक फायदा इथे दिसतो, आणि तो शहरातल्या गर्दीच्या हॉलमध्ये मिळत नाही. समोर खेळाडू असला की तो चेंडू परत मारतो; आपला चेंडू दुसरा टप्पा कुठे घेणार होता हे कधी कळतच नाही. समोर कोणी नसले की चेंडू आपली गोष्ट पूर्ण सांगतो. आखूड सर्व्हिसची व्याख्याच ही आहे की समोरच्या बाजूला चेंडूचे किमान दोन टप्पे टेबलावर पडले पाहिजेत. तसे झाले तर समोरच्याला टेबलाच्या वरच खेळावे लागते आणि लूप मारायला हात मागे घेता येत नाही. दुसरा टप्पा टेबलाच्या अगदी कडेवर पडेल अशी सर्व्हिस सगळ्यांत त्रासदायक, कारण घेणाऱ्याला ठरवता येत नाही की थांबावे की पुढे जावे. आखूड सर्व्हिससाठी आपल्या बाजूचा पहिला टप्पा मधोमध किंवा थोडा नेटकडे घ्यावा. लांब, वेगवान सर्व्हिससाठी आपल्याच मागच्या रेषेजवळ. समोर वहीचा कागद ठेवून नेम धरावा. तिकडच्या टोकाला जुन्या शेडनेटचा तुकडा बांधून खाली टोमॅटोचे रिकामे क्रेट लावले, तर वीस-पंचवीस चेंडू गोळा करत फिरण्याचा वेळही वाचतो. पंखा बंद ठेवावा. 2.7 ग्रॅमचा चेंडू पंख्याच्या वाऱ्याने सरकतो आणि शिकणारा उगाच आपल्या हाताला दोष देतो.

मा लिन या चीनच्या 2008 च्या ऑलिम्पिक विजेत्याची ‘घोस्ट’ सर्व्हिस मोबाइलवर पाहून पोरे वेडी होतात. चेंडू नेट ओलांडतो आणि परत नेटकडे येतो. ती सरावासाठी उत्तम, कारण फिरकी नसेल तर चेंडू परत येणारच नाही. पण चेंडू नेटकडे परत आणायला त्याचा पुढचा वेग इतका काढून घ्यावा लागतो की तो संथ आणि थोडा उंच जातो. सामन्यात तिच्यापेक्षा खाली राहणारी, दुसरा टप्पा कडेवर घेणारी साधी कट सर्व्हिस जास्त गुण देते. तेच उंच टॉसचे. 1970 च्या दशकात चीनच्या शू शाओफाने चेंडू छताच्या दिशेने उंच फेकून सर्व्हिस गाजवली. खाली येताना वेग वाढतो, तो फिरकीत वळवता येतो. पण तेवढ्या वेगाने येणाऱ्या चेंडूला नेमक्या क्षणी घासणे वर्षभराच्या सरावाचे काम आहे. शाळेच्या खोलीत वर पंखा आणि पत्रा असताना तो नाद करू नये.

बॅकस्पिन हातात बसली की लगेच साइडस्पिनकडे धावण्याचा मोह होतो. त्याआधी शिकावी ती फिरकी नसलेली सर्व्हिस. ऐकायला विचित्र वाटते, पण गुण तीच देते. हात तसाच, मनगट तसेच, शेवटचा झटकाही तसाच. फक्त चेंडू मुठीजवळच्या भागावर आणि किंचित जाड लागू द्यायचा. समोरचा बॅकस्पिन समजून पाती उघडी ठेवून पुश करतो आणि चेंडू उंच वर येतो. पुढच्या वेळी तो सावध होऊन पाती बंद करतो. तेव्हा खरी कट टाकावी, चेंडू नेटमध्ये जातो. ही जोडी चालते ती दोन्ही सर्व्हिस एकसारख्या दिसल्या तरच, आणि खरी कट खरोखर भारी असली तरच. खऱ्या कटची भीती नसेल तर बिनफिरकीची कोणालाच फसवत नाही. म्हणून पातळ स्पर्श पक्का होण्याआधी चकव्याच्या मागे लागणाऱ्यांचे हात फार फिरतात, चेंडू फिरत नाही. बॅट डोक्यावरून गरागरा फिरवून शेवटी सपाट चेंडू टाकणारे खेळाडू प्रत्येक तालुका स्पर्धेत दिसतात.

साइडस्पिनला हाताचा मार्ग तोच, पातीचा कोन वेगळा. पेंड्युलममध्ये पाती उभी करून चेंडूच्या मागच्या अंगाला उजवीकडून डावीकडे घासले, की चेंडू हवेत टाकणाऱ्याच्या उजवीकडे वळतो आणि उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहॅण्डकडून बाहेर पळू लागतो. त्याने त्यावर नुसती बॅट लावली तर चेंडू सर्व्हिस टाकणाऱ्याच्या डावीकडे सुटतो. हे आधीच माहीत असणे ही अर्धी कमाई आहे, कारण तिसरा चेंडू, म्हणजे समोरच्याच्या परतीवरचा आपला फटका, कुठे खेळावा लागणार याचा अंदाज बांधून उभे राहता येते. घेताना याच्या उलट विचार करायचा: अशी सर्व्हिस आली तर परतीचा नेम टाकणाऱ्याच्या उजव्या बाजूला, थोडा जास्तच धरायचा. डावखुऱ्याबाबत सगळे आरशातल्यासारखे उलटे.

तिसऱ्या चेंडूबद्दल थोडे कडक बोलायला हवे. भारी कट सर्व्हिस शिकलेल्या मुलाला समोरचा पुश करून तेवढाच भारी चेंडू परत देतो, आणि मग तो उचलता येत नाही म्हणून मुलगाच गुण घालवतो. सर्व्हिस चांगली असून तो हरतो आणि दोष सर्व्हिसला देतो. ज्या फिरकीचे उत्तर आपल्याला खेळता येत नाही, ती सामन्यात वापरू नये. बॅकस्पिनवर टॉपस्पिन उचलायला येईपर्यंत बिनफिरकीची आणि लांब वेगवान सर्व्हिस जास्त वापरावी. सोबती मिळेल त्या दिवशी सगळा वेळ गुणांच्या खेळात न घालवता, एकाने ठरलेली सर्व्हिस टाकायची, दुसऱ्याने ठरलेल्या जागी पुश करायचा आणि पहिल्याने तिसरा चेंडू मारायचा, एवढेच अर्धा तास करावे. सर्व्हिस टाकल्यावर नवशिका आपल्याच चेंडूकडे पाहत उभा राहतो. बॅट वर, पाय मोकळे, या तयारीत परत यायला तो या सरावातच शिकतो.

एकट्याचा रोजचा सराव वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नये. त्यानंतर मनगट थकते, स्पर्श जाड होत जातो आणि तीच जाडी हाताला सवयीची होते. एका दिवशी एकच सर्व्हिस, पण जागा बदलत: आखूड फोरहॅण्डकडे, आखूड मधोमध, मग त्याच हाताने एकदम लांब. शेवटचे दहा चेंडू सामन्यासारखे, एकामागून एक न टाकता प्रत्येकाआधी थांबून, श्वास घेऊन, मनात ठरवून. ठरवले ते झाले का एवढेच मोजावे.

स्पर्धेच्या दिवशी सामन्याआधी त्याच टेबलावर दोन मिनिटांपर्यंत सराव करता येतो. ती दोन मिनिटे बहुतेक जण फोरहॅण्डच्या रॅलीत घालवतात. त्यात तीन-चार सर्व्हिस टाकून पाहाव्यात, कारण टेबलाटेबलाच्या उसळीत फरक असतो आणि घरी कडेवर पडणारा दुसरा टप्पा इथे बाहेर जाऊ शकतो. तसे दिसले तर पहिला टप्पा चार बोटे नेटकडे सरकवावा. पंचाला सर्व्हिसच्या वैधतेबद्दल शंका आली, तर सामन्यात पहिल्या वेळी तो ‘लेट’ देऊन ताकीद देतो. पुन्हा शंका आली की गुण थेट समोरच्याला, आणि चूक उघड असेल तर ताकीदही नाही. ताकीद मिळाली की वाद न घालता लगेच चेंडू आणखी एक वीतभर उंच टाकायला लागावे आणि सामना संपेपर्यंत तसाच टाकावा.